बेसबॉल संघाची उणीव कशी वाचावी आणि ड्राफ्टमधला खेळाडू कसा पारखावा

जुलै महिन्यात अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवी मुले निवडण्याचा कार्यक्रम, सुरू होतो, तेव्हा गोव्यात दुसऱ्या दिवसाची पहाट झालेली असते. तिकडे संध्याकाळ असते आणि इकडे पहाटेचे साडेतीन-साडेचार वाजलेले असतात. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि वीज टिकेल की जाईल याचा भरवसा नसतो. फोंडा तालुक्यातल्या माझ्या घरी मी गेली काही वर्षे ही निवड जागून पाहत आलो आहे. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून उभी हयात मुलांची पारख करण्यात गेल्यामुळे असेल, पण प्रत्यक्ष सामन्यापेक्षा मला या निवडीची ओढ अधिक आहे. पहिल्या वर्षी मी काहीही तयारी न करता बसलो आणि सकाळचा चहा होईपर्यंत माझ्या हाती केवळ तीस अनोळखी नावे उरली. पुढच्या वर्षी एकच संघ धरला, त्याच्या उणिवांचा तक्ता महिनाभर आधी तयार केला, आणि मग प्रत्येक नावामागचा विचार दिसू लागला. तो तक्ता कसा करावा, त्यावरून कोणता निष्कर्ष काढावा आणि कोणता मुळीच काढू नये, आणि निवडीसाठी उभ्या असलेल्या मुलांकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे क्रिकेट जाणणाऱ्या पण बेसबॉलशी फारशी ओळख नसलेल्या वाचकांसाठी येथे लिहीत आहे.

आधी माणसे मोजावीत

कोणताही एक संघ घ्यावा. मात्र ज्याचे सामने वर्षभर थोडेफार पाहणे आपल्याला जमणार आहे असाच घ्यावा. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाला नियमित हंगामात १६२ सामने खेळायचे असतात. सामन्यासाठी उपलब्ध असलेल्या खेळाडूंची यादी २६ जणांची असते आणि त्यांत पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, जास्तीत जास्त १३ ठेवता येतात. या २६ जणांना सामावून घेणारी ४० जणांची मोठी यादी असते, आणि तिच्याखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए आणि सर्वांत खाली नवोदितांचे संघ अशी मायनर लीगची उतरंड असते. संघ म्हणजे टीव्हीवर दिसणारे नऊ जण असे जो समजतो, त्याची गल्लत येथेच होते. संघ म्हणजे ही अख्खी उतरंड.

आपल्याकडे जत्रेच्या नाटकाची पात्रयोजना करायला मंडळी देवळाच्या सभामंडपात बसतात, तेव्हा काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट चटकन कळेल. नायकाच्या भूमिकेला तीन उमेदवार असतात, खलनायकाला एक असतो पण त्याची नोकरी या वर्षी आखातात लागलेली असते, आणि ऑर्गनवर बसणारे काका सत्तरीला टेकलेले असूनही त्यांच्या हाताखाली कोणी शिकत नसते. नायक तिघे आहेत म्हणून आनंद मानावा की ऑर्गनच्या जागेची चिंता करावी, हा प्रश्न शहाणे मंडळ जत्रेच्या आदल्या महिन्यात विचारत नाही, तर चार वर्षे आधी विचारते.

बेसबॉलचा तक्ता याच प्रश्नासाठी करायचा आहे. हिशेबाची लांब वही घ्यावी आणि समोरासमोरची दोन कोरी पाने उघडावीत. डाव्या कडेला वरून खाली जागा लिहाव्यात: कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा), फर्स्ट बेस, सेकंड बेस, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), थर्ड बेस (बेस म्हणजे फलंदाजाने धावून गाठायचे टप्पे), डावे, मधले आणि उजवे आउटफील्ड, म्हणजे मैदानाचा लांबचा भाग, केवळ फलंदाजी करणारा डेझिग्नेटेड हिटर, सामन्याची सुरुवात करणारे पाच पिचर आणि नंतर येणारे रिलीफ पिचर. उजवीकडे आडव्या रांगेत चालू वर्षापासून पुढची पाच वर्षे मांडावीत. मग प्रत्येक चौकोनात त्या जागी खेळणाऱ्याचे नाव, त्याचे त्या वर्षीचे वय आणि तो संघाच्या ताब्यात राहणार आहे की नाही, एवढे लिहावे. ताब्याचा हिशेब साधारण असा असतो की मेजर लीगमधली सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू संघाशी बांधलेला असतो; त्यांतली पहिली सुमारे तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो, पुढची तीन वर्षे त्याचे वेतन लवादाच्या पद्धतीने वाढत जाते, आणि त्यानंतर तो मोकळा होऊन जो संघ हवा तो पाहू शकतो. ज्यांच्याशी दीर्घ मुदतीचा करार झाला आहे त्यांची तारीख अर्थातच वेगळी लिहावी लागते.

शाईने मुख्य संघातली नावे लिहून झाली की पेन्सिलीने मायनर लीगमधली नावे भरावीत आणि प्रत्येक नावासमोर पायरी आणि वय दोन्ही लिहावे, कारण नुसत्या आकडेवारीला वयाशिवाय अर्थ नसतो. सिंगल-एमध्ये उत्तम फलंदाजी करणारा १९ वर्षांचा मुलगा आणि तेथेच तेवढीच उत्तम फलंदाजी करणारा २४ वर्षांचा तरुण यांची किंमत सारखी नाही. पाचवीच्या वर्गात पहिला आलेला आठवीच्या वयाचा मुलगा जसा आपण वेगळा मोजतो, तसा तो दुसरा वेगळा मोजावा. जेथे लिहिण्यासारखे नाव नाही तेथे चौकोन रिकामाच ठेवावा. आशेने भरलेला चौकोन रिकाम्या चौकोनापेक्षा जास्त फसवतो, आणि आपल्या आवडत्या संघाच्या बाबतीत हा मोह आवरणे सर्वांत कठीण असते.

उणीव दिसली म्हणून खेळाडू निवडू नये

तक्ता भरल्यावर उणिवा दोन प्रकारच्या दिसतात. चालू वर्षाच्या रांगेतले भगदाड लाल पेन्सिलीने खुणावे आणि तीन-चार वर्षांनंतरच्या रांगेत दिसणारे निळ्या पेन्सिलीने. एखाद्याचा एकच हंगाम वाईट गेला किंवा तो दुखापतीने बाहेर बसला म्हणून त्या जागी लाल खूण करण्याची घाई करू नये. किमान दोन-तीन वर्षांची कामगिरी पाहूनच ती करावी.

आता माझे ठाम मत सांगतो, कारण या सगळ्या मांडणीचे मर्म तेथे आहे. लाल खूण ड्राफ्टमध्ये भरून निघत नाही. आज घरात आंबे नाहीत म्हणून कोणी परसात कोय पुरत नाही. आंबे म्हापशाच्या बाजारातून आणले जातात. संघाची आजची गरज दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून किंवा मोकळा झालेला खेळाडू करारबद्ध करून भागते. ड्राफ्टमध्ये घेतलेला मुलगा मुख्य संघात येण्यास बहुतेक वेळा तीन ते पाच वर्षे लागतात, आणि तोपर्यंत संघाचा चेहरामोहरा बदललेला असतो. अपवाद असतात: पिट्सबर्ग पायरेट्सने जुलै २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला पॉल स्कीन्स हा पिचर मे २०२४ मध्येच मुख्य संघात उतरला आणि त्या वर्षीचा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा; दुसरा अमेरिकन लीग) सर्वोत्तम नवोदित ठरला. पण अपवाद डोळ्यांसमोर ठेवून तक्ता वाचू नये.

हे पटवून घेण्यासाठी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघाचा २०१२ ते २०१५ चा काळ वहीत मांडून पाहावा; मी नवख्या माणसाला नेहमी हाच धडा आधी देतो. २०११ मध्ये या संघाने १०६ सामने गमावले, २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११. तेव्हाच्या नियमानुसार सर्वांत खराब संघाला पहिली निवड मिळत असे, त्यामुळे सलग तीन वर्षे पहिला क्रमांक त्यांच्याकडे आला. अशा संघाच्या तक्त्यावर लाल खुणा नाहीत अशी जागाच शोधावी लागली असती. तरीही २०१२ मध्ये त्यांनी कार्लोस कोरेया हा पोर्तो रिकोचा १७ वर्षांचा शॉर्टस्टॉप घेतला, म्हणजे लगेच कामाला येणार नाही असा मुलगा. २०१३ मध्ये त्यांनी मार्क अपेल हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पिचर घेतला. मुख्य संघात लवकर उतरेल असेच त्याच्याबद्दल मानले जात होते, पण ह्यूस्टनसाठी तो एकही सामना खेळू शकला नाही आणि मेजर लीगमध्ये त्याचे पदार्पण २०२२ साली फिलाडेल्फियाकडून, वयाच्या तिसाव्या वर्षी झाले. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने घेतलेला क्रिस ब्रायंट २०१६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी कब्ज विजेते झाले. तयार खेळाडू म्हणजे कमी धोक्याचा खेळाडू, हे समीकरण एका ओळीत खोटे ठरवणारी ही जोडी आहे.

याच धड्याचा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ८ जून २०१५ रोजी कोरेयाने मुख्य संघात शॉर्टस्टॉप म्हणून पदार्पण केले, आणि नेमक्या त्याच दिवशी सुरू झालेल्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने दुसऱ्या क्रमांकावर अ‍ॅलेक्स ब्रेगमन हा लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा शॉर्टस्टॉपच निवडला. उणिवांचा तक्ता हाती धरून बसलेल्या कोणालाही ती निवड निरर्थक वाटली असती, कारण पुढच्या सहा वर्षांसाठी ती जागा त्या दिवशीच भरली होती. ब्रेगमन पुढच्याच वर्षी मुख्य संघात आला, थर्ड बेसवर खेळू लागला, आणि २०१७ च्या विजेत्या संघात दोघेही शेजारी शेजारी उभे होते. त्या विजेतेपदावर प्रतिस्पर्धी कॅचर आपल्या पिचरला करतो त्या गुप्त खुणा चोरल्याचा डाग पुढे लागला आणि तो लागणे योग्यच होते; पण खेळाडू निवडण्याचा धडा त्यामुळे बदलत नाही.

मग तक्ता कशासाठी करायचा, असा प्रश्न येईल. दोन खेळाडू गुणांनी खरोखर तोलामोलाचे असतील, तेव्हा निळ्या खुणेने कौल द्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या जागेसाठी वरपासून खालपर्यंत कोणत्याच पायरीवर नाव नसेल, तर ती संपूर्ण उतरंडीची उणीव आहे हे तक्ताच दाखवतो. कॅचरच्या बाबतीत असे वारंवार दिसते, कारण चांगला कॅचर घडायला वेळ लागतो आणि तो बाजारातही सहज मिळत नाही. अशा वेळी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एकाऐवजी दोन कॅचर घेतलेले दिसले तर ते समजून घ्यावे.

येथे जागांची उतरण लक्षात ठेवावी. शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड (मधले आउटफील्ड) आणि कॅचर या मैदानाच्या मधल्या रेषेवरच्या जागा सर्वांत अवघड असतात. तेथे खेळू शकणारा मुलगा पुढे सेकंड बेस, थर्ड बेस किंवा कडेच्या आउटफील्डमध्ये सामावता येतो, पण उलटा प्रवास क्वचितच होतो. मॅनी मचाडो २०१० मध्ये शॉर्टस्टॉप म्हणून निवडला गेला आणि थर्ड बेसवर नावारूपाला आला. बस्टर पोझी महाविद्यालयात आधी शॉर्टस्टॉप होता आणि मग कॅचर झाला. जेकब डीग्रॉम तर महाविद्यालयातला शॉर्टस्टॉप, जो २०१० च्या नवव्या फेरीत घेतला गेला आणि पुढे त्याच्या पिढीतल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक झाला. म्हणून संघाकडे शॉर्टस्टॉप भरपूर आहेत, आणखी एक कशाला, असे म्हणू नये.

मुले कोठून येतात आणि त्यांना कसे पाहावे

ड्राफ्टसाठी पात्र ठरणारी मुले अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथली किंवा तेथे शिकणारी असतात: शालेय शिक्षण संपवलेली, चार वर्षांच्या महाविद्यालयात तिसरे वर्ष पूर्ण केलेली किंवा २१ वर्षांची झालेली, आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजमधली. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला यांसारख्या देशांतली मुले ड्राफ्टमध्ये नसतात. संघ त्यांना वयाच्या सोळाव्या वर्षापासून थेट करारबद्ध करू शकतात, त्यामुळे तक्त्यातली काही पेन्सिलीची नावे या वाटेनेच आलेली असतात. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटूही २००८ मध्ये पायरेट्सशी असेच थेट करारबद्ध झाले होते.

पूर्वी ड्राफ्ट फार लांबत असे. २०१९ पर्यंत ४० फेऱ्या होत्या, महामारीच्या २०२० सालात पाचच झाल्या आणि २०२१ पासून २० आहेत. माईक पियाझा हा कॅचर १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १३९० वा निवडला गेला होता आणि २०१६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. आजच्या नियमात त्याचे नाव पुकारलेच गेले नसते, हे आठवले की वीस फेऱ्यांनंतर करारबद्ध होणाऱ्या मुलांची यादीही मी वाचून काढतो.

निरीक्षक मंडळी फलंदाजाचे पाच गुण पाहतात: चेंडूला बॅट लावण्याची हातोटी, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. प्रत्येक गुणाला २० ते ८० मध्ये अंक दिला जातो आणि ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. हा शेवटचा भाग नीट लक्षात घ्यावा, कारण १८ वर्षांच्या मुलाच्या धावेला ५० अंक मिळाले तर आपल्याला ते काठावर पास झाल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात तो जगातल्या सर्वांत कठीण लीगच्या सरासरीला आजच पोहोचलेला असतो.

अंक कागदावरून कळत नाहीत, म्हणून एक प्रयोग सुचवतो. मी तो शाळेच्या मैदानावर केला होता. पाऊस संपून तांबडी माती घट्ट झाली की चुन्याने ९० फुटांची रेषा आखावी. एका बेसपासून दुसऱ्या बेसचे अंतर तेवढेच, म्हणजे सुमारे २७.४ मीटर असते. एका टोकाला मुलाच्या हाती बॅट द्यावी, हवेत फटका मारायला लावून लगेच पळायला सांगावे आणि बॅट फिरल्यापासून रेषेवर पाय पडेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा. आमच्या शाळेतला सर्वांत चपळ मुलगा उजव्या हाताचा होता. फटक्यानंतर त्याचे अंग डावीकडे वळत असे, मागचा पाय ओढत येई आणि तो वळण घेऊन पळायला लागेपर्यंत घड्याळ पुढे गेलेले असे. पाच सेकंदांच्या आत तो माझ्या घड्याळात कधी आला नाही. त्याच्यापेक्षा शर्यतीत मागे पडणारा एक डावखुरा मुलगा मात्र या रेषेवर त्याच्या बरोबरीने पोहोचत असे, कारण फटक्याच्या ओघातच त्याचे शरीर धावण्याच्या दिशेला वळलेले असे आणि तो पावलाभराने जवळही उभा असे. मेजर लीगमध्ये उजव्या हाताच्या फलंदाजाची सरासरी सुमारे ४.३ सेकंद आणि डावखुऱ्याची ४.२ सेकंद धरतात. हा सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की निरीक्षकांच्या टिपणांतल्या आकड्यांना जिवंतपणा येतो. कॅचरसाठीही घड्याळ वापरता येते: चेंडू हातमोज्यात आल्यापासून त्याची फेक सेकंड बेसवर पोहोचेपर्यंत साधारण दोन सेकंद हा मेजर लीगचा दर्जा आहे.

महाविद्यालयीन फलंदाजाची आकडेवारी पाहताना तो धातूची बॅट वापरतो हे विसरू नये. व्यावसायिक खेळात बॅट लाकडाचीच असते. म्हणूनच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये होणाऱ्या केप कॉड लीगकडे निरीक्षकांचे बारीक लक्ष असते, कारण तेथे हीच मुले लाकडी बॅटने खेळतात. फलंदाजीच्या सरासरीच्या आकड्याऐवजी तो किती वेळा बाद न होता बेसवर पोहोचतो, वाईट चेंडूच्या मागे किती धावतो आणि तीन स्ट्राइकवर किती वेळा बाद होतो, हे आकडे पुढच्या पायरीवर अधिक टिकतात.

मुलगा कोणत्या मातीतून आला आहे हेही तोलावे लागते, आणि ही गोष्ट गोव्याच्या माणसाला वेगळी समजावण्याची गरज नसावी. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात वाढले, जेथे मोठ्या दर्जाच्या क्रिकेटचा वारा नव्हता. त्यांनी १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात कसोटी मालिकेत ६४२ धावा केल्या. माईक ट्राउट हा न्यू जर्सीचा मुलगा. तेथे वसंत ऋतूतही थंडी असते, सामने कमी होतात आणि फ्लोरिडा-कॅलिफोर्नियाच्या मुलांइतकी स्पर्धा मिळत नाही. २००९ मध्ये त्याच्या आधी २४ नावे पुकारली गेली, आणि पुढे तो तीनदा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. थंड राज्यातल्या किंवा लहान गावातल्या मुलाचे आकडे कमी दिसले तर त्याची हालचाल अधिक वेळ पाहावी. मी अशा नावांसमोर चांदणी काढतो.

पिचरच्या बाबतीत अधिक सावध राहावे

पिचर ६० फूट ६ इंचांवरून, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा दीडेक मीटर जवळून फेकतो. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरचा चेंडू टाकणारा शालेय मुलगा पाहून कोणाचेही डोळे दिपतात. पण हात कोपरात वाकवून तसा वेग काढणे ही शरीरावरची मोठी जबरदस्ती आहे. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते; १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती ज्या पिचरवर प्रथम केली, त्याचेच हे नाव. त्यातून परत येण्यास वर्षाहून अधिक काळ जातो.

१९६५ पासून आजवरच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर शालेय पिचर तीनदाच घेतले गेले: १९७३ मध्ये डेव्हिड क्लाइड, १९९१ मध्ये ब्रायन टेलर आणि २०१४ मध्ये ब्रेडी एकन. तिघेही डावखुरे. उजव्या हाताचा शालेय पिचर तर त्या क्रमांकावर एकदाही गेलेला नाही. टेलर आणि एकन मेजर लीगपर्यंत पोहोचलेच नाहीत. क्लाइडला अठराव्या वर्षीच थेट मोठ्या मैदानावर उभे केले गेले आणि त्याची कारकीर्द लवकर आटोपली. ज्याला कोवळ्या मुलांना शिकवण्याचा अनुभव आहे त्याला ती हकिकत वाचताना वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. एकनला ह्यूस्टननेच निवडले होते, वैद्यकीय तपासणीत कोपराबद्दल शंका आल्यावर बोलणी फिसकटली, करार झाला नाही, आणि त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षी मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकावर ब्रेगमन आला.

म्हणून पिचर पाहताना वेगाच्या आधी फेकीची सहजता पाहावी. शंभराव्या चेंडूला तो पहिल्या चेंडूसारखाच पाय टाकतो का, वेगवान चेंडूशिवाय आणखी किमान दोन प्रकारचे चेंडू त्याच्याकडे आहेत का, आणि वॉक, म्हणजे चार वाईट चेंडू टाकून फलंदाजाला फुकट दिलेला बेस, कमी आहेत का, हे त्याच्या चित्रफितींतून घरी बसूनही कळते. तक्त्यात पिचरांच्या जागा कितीही रिकाम्या असोत, पहिल्या फेरीत मी फलंदाजाकडे झुकतो आणि पिचर पुढच्या फेऱ्यांत अनेक घेतलेले बरे समजतो.

पैशाचे गणित आणि क्रमाची सोडत

पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला मुलाला करारावेळी द्यायची एक ठरलेली रक्कम असते आणि संघाच्या सगळ्या क्रमांकांच्या रकमांची बेरीज ही त्याची एकूण थैली. एका मुलाला ठरलेल्यापेक्षा कमी देऊन वाचलेले पैसे दुसऱ्याला देता येतात. थैली पाच टक्क्यांपर्यंत ओलांडली तर जादा रकमेवर ७५ टक्के दंड बसतो आणि त्यापुढे गेले तर पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीची निवडच जाते, त्यामुळे ती रेषा कोणी ओलांडत नाही.

कोरेयाची निवड याच गणिताने सुंदर झाली होती. पहिल्या क्रमांकाची रक्कम ७२ लाख डॉलर होती, तो ४८ लाखांवर तयार झाला, आणि वाचलेल्या पैशांतून ह्यूस्टनने ४१ व्या क्रमांकावरच्या लान्स मॅक्कलर्स या शालेय पिचरला २५ लाख दिले, जो एरवी महाविद्यालयात गेला असता. २०१७ च्या अंतिम मालिकेतला निर्णायक सातवा सामना सुरू करणारा पिचर तोच होता. २०२४ मध्ये क्लीव्हलँडने अमेरिकेतल्या विद्यापीठात खेळणाऱ्या ट्रॅव्हिस बझाना या ऑस्ट्रेलियन मुलाला पहिल्या क्रमांकावर घेऊन ८९.५ लाख डॉलर दिले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मुलांना प्रत्येकी ९२.५ लाख मिळाले. तेव्हा एखादे नाव अपेक्षेपेक्षा वर पुकारले गेले तर संघ चुकला असे लगेच लिहू नये. त्याच संघाची पुढची दोन-तीन नावे येईपर्यंत थांबावे, कारण उत्तर तेथे असते.

क्रमाबद्दल थोडक्यात सांगायचे तर २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत काढली जाते आणि ती आदल्या डिसेंबरमध्ये होते. लागोपाठ सोडतीतल्या जागा मिळवण्यावरही मर्यादा आहे. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने गमावले, तरी या नियमामुळे २०२५ मध्ये त्यांना दहावा क्रमांक मिळाला. हे नियम लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या डिसेंबर २०२६ पर्यंतच्या करारातले आहेत. पुढचा करार झाला की तपासून घ्यावेत.

ड्राफ्टची पहाट आणि त्यानंतर

आदल्या रात्री वहीच्या पुढच्या पानावर आपल्या संघाच्या पहिल्या क्रमांकासाठी पाच नावे लिहावीत, प्रत्येकासमोर एका ओळीत कारण द्यावे आणि ते कारण उणिवेचे आहे की गुणवत्तेचे हे प्रामाणिकपणे नोंदवावे. माझ्या जुन्या वह्यांत उणिवेवरून लिहिलेली नावेच अधिक चुकलेली आहेत. एमएलबी पाइपलाइन आणि बेसबॉल अमेरिका यांच्या क्रमवाऱ्या जवळ ठेवाव्यात, पण आपली पाच नावे लिहून झाल्यावरच त्या उघडाव्यात. मोबाईल आधीच पूर्ण चार्ज करून ठेवावा आणि यादी कागदावर उतरवलेली असावी, कारण पावसात वीज गेली की संगणकावरचा तक्ता उपयोगाचा राहत नाही.

निवड झाली की मुलाचे नाव, वय, जागा आणि फेरी तक्त्यात सर्वांत खालच्या पायरीवर पेन्सिलीने लिहावी. करार झाल्याची बातमी आल्यावर रक्कम जोडावी. मग डिसेंबरमध्ये वही पुन्हा उघडावी, कारण तेव्हा रूल फाइव्ह नावाचा दुसरा ड्राफ्ट होतो. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्या मुलाला पाच हंगामांनंतर आणि त्याहून मोठ्या मुलाला चार हंगामांनंतर संघाने ४० च्या यादीत घेतले नाही, तर दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो. मात्र पुढचा संपूर्ण हंगाम त्याला मुख्य संघात ठेवावे लागते. १९५४ मध्ये पायरेट्सने रॉबर्टो क्लेमेंटे याला ब्रुकलिन डॉजर्सकडून याच वाटेने नेले, आणि क्लेमेंटेने पिट्सबर्गसाठी बरोबर तीन हजार हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, केल्या. आपल्या तक्त्यातले कोणते पेन्सिलीचे नाव चौथ्या किंवा पाचव्या वर्षात आले आहे, ते नोव्हेंबरच्या मध्याआधी शोधून त्याभोवती वर्तुळ करावे, म्हणजे संघ त्याला शाईत उतरवतो की उघड्यावर सोडतो हे पाहता येईल.